चिपळूणच्या नदीकाठच्या बागेत आठ महिने

ऑक्टोबरात डॉक्टर म्हणाले शुगर बॉर्डरवर आलीय, रोज चाला, तेव्हापासून वाशिष्ठीच्या काठावरच्या बागेत जातोय, आता मे संपत आला, म्हणजे बोलायला हरकत नाही.

ट्रॅक बरा आहे. पेव्हर ब्लॉक दोन-तीन ठिकाणी उचकटलेत, पहाटे अंधारात एकदा ठेचकाळलोच. ओपन जिमचं एक मशीन दिवाळीपासून करकरतंय, जरा ग्रीस घातलं की संपलं, पण घालणार कोण. टॉयलेटला बहुतेक वेळा कुलूप. संध्याकाळी डास इतके की बर्मुडा घालून बसायची सोयच नाही. नुसत्या बागेला तीन स्टार, चौथा नदीचा.

म्हणजे बघा, कोकणातल्या नद्या शिमगा झाला की खडक दाखवायला लागतात, आत्याच्या गावच्या नदीत तर एप्रिलात पोरं क्रिकेट खेळतात. वाशिष्ठी मात्र मे महिन्यातही वाहते, कारण कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून झाल्यावर सोडलेलं पाणी. कोयना खरं तर तिकडे कऱ्हाडला जाऊन कृष्णेला मिळणारी, पण तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यानं पोफळीला उतरवतात, वीज करतात, मग कोळकेवाडीचं धरण आणि मग आमची नदी. पाणी लवादानं पश्चिमेकडे वळवायला दिलेला कोटा वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट!

आणि खालून दाभोळ खाडीची भरती. कधीकधी पाणी थबकतं, कधी चक्क उलटं चढतं. माझ्या शेजारच्या बेंचवर एक रिटायर्ड काका असतात, ते नुसत्या तिथीवरून भरतीची वेळ सांगतात, मी मोबाईलवर चेक करतो, दहा-पंधरा मिनिटांचा फरक. याच भरतीवर पूर्वी गलबतं गोवळकोट बंदरापर्यंत यायची नी माल पुढे कुंभार्ली घाटातून कऱ्हाडकडे जायचा. आता एखादा पाग (मासे धरायचं फेकजाळं) टाकणारा दिसतो, बाकी शांत.

२२ जुलै २०२१ ला याच भरतीनं घात केला, वरनं पाऊस, खालनं समुद्र, पाण्याला जायला वाटच नाही. २६ जुलै २००५ ला पण शहर बुडलंच होतं, पण २०२१ ला आमच्या जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत पाणी, फ्रिज तरंगत होता. आई अजून बागेत येत नाही. एकदा आणली तर नदीकडे पाठ करून बसली, म्हणाली तू फिर, मी इथे बरी आहे.

जायचं तर सकाळी सहा-साडेसहाला जा, भरती गाठता आली तर उत्तम. पोरं बरोबर असतील तर पाण्याच्या कडेला सोडू नका. वाशिष्ठीत मगरी आहेत, गंमत नाही, जानेवारीत समोरच्या गाळावर एक ऊन खात पडली होती आणि आम्ही सगळे अर्धा तास टायर समजून बघत होतो.