क्रोनी : आठ महिन्यांच्या वापरानंतर नऊ वर्कस्टेशनच्या घड्याळांचा अनुभव

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे फाउंड्रीसाठी पॅटर्न (ओतकामाचा साचा घडवण्याचे लाकडी नमुने) डिझाइन करण्याचे छोटे ऑफिस आहे. तेथे सात डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), दोन फ्रीबीएसडी (युनिक्स घराण्यातली कार्यप्रणाली) वर्कस्टेशन आणि एक फाइल सर्व्हर आहे. पूर्वी प्रत्येक यंत्र एनटीपीडी या नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने बाहेरच्या सर्व्हरकडून स्वतंत्रपणे वेळ घेत असे. गेल्या ऑगस्टमध्ये त्याच्या जागी आम्ही क्रोनी हे त्याच कामाचे दुसरे सॉफ्टवेअर बसवले. त्याचे कारण आधी सांगतो, कारण ज्यांच्याकडे असाच बिघाड आहे त्यांच्या तो बहुधा लक्षातही आलेला नसेल.

आमच्याकडे मापांच्या फाइल सर्व्हरवर असतात आणि त्यांवरून ‘मेक’ने (मूळ फाइल नवी असेल तरच तिच्यावरून पुढची फाइल पुन्हा बनवणाऱ्या प्रोग्रामने) तयार होणारा जी-कोड (मशीनला द्यायच्या आज्ञांची फाइल) वर्कस्टेशनच्या स्वतःच्या डिस्कवर पडतो. ऑगस्टमध्ये एका पॅटर्नच्या मापात दुरुस्ती करून मी पुन्हा मेक चालवले आणि फाइल मशीनवर पाठवली. तासाभराने मशीनवरचे मामा म्हणाले, “साहेब, बदल केला म्हणताय, पण ह्यात बॉस जुन्याच मापाचा आलाय.” बॉस म्हणजे पॅटर्नवरचा गोल उंचवटा. लाकूड वाया गेले, आणि त्याहून अधिक म्हणजे आमच्या फाइलींवरचा त्यांचा विश्वास डळमळला.

त्या वर्कस्टेशनचे घड्याळ सर्व्हरपेक्षा सुमारे सात मिनिटे पुढे होते. समजा, सर्व्हरच्या घड्याळाने १०.०५ वाजता जी-कोड तयार झाला, तर त्याच्यावर १०.१२ ची वेळ पडते. मूळ माप १०.१० ला दुरुस्त केले, तरी मेकच्या दृष्टीने जी-कोडच नवा ठरतो आणि ते काहीही न करता थांबते. घड्याळ मागे असते, तर फाइलची वेळ भविष्यातली असल्याचा इशारा मेकने दिला असता; पुढे असलेल्या घड्याळाबाबत मात्र एक अक्षरही उमटत नाही. त्यामुळे घड्याळ पुढे असणे हे मागे असण्यापेक्षा अधिक धोक्याचे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

एनटीपीडी तर चालू होते. मी प्रक्रियांची यादी पाहून समाधान मानत होतो, हीच माझी चूक होती. एनटीपीडीची स्थिती दाखवणारी ‘एनटीपीक्यू -पी’ ही आज्ञा चालवल्यावर रीच या रकान्यात सगळीकडे ० दिसले, म्हणजे एकाही सर्व्हरचे उत्तर येत नव्हते. गोंधळ असा की ‘एनटीपीडेट -यू’ने वेळ विचारली, की उत्तर लगेच येई. दोन दिवसांनी उलगडा झाला. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज पडून जुना राउटर जळाला होता आणि नव्या राउटरमधून, ज्यांचा उगम-पोर्ट (पाठवणाऱ्या यंत्रावरचा दार-क्रमांक) १२३ आहे अशी यूडीपी पाकिटे (वेळ विचारणारे संदेश याच प्रकारचे असतात) बाहेर जात नव्हती. एनटीपीडी स्वतः १२३ पोर्टवरूनच बोलते, तर ‘-यू’ लावल्यावर दुसरा पोर्ट वापरला जातो. त्याच आठवड्यात या वर्कस्टेशनवर डेबियन नव्याने बसवले होते, त्यामुळे घड्याळाची चाल नोंदवणारी ड्रिफ्ट फाइल तयारच झाली नव्हती. इतर यंत्रे जुन्या नोंदीच्या आधारे बरीच सावरून होती. घड्याळाला चाल देणारे क्रिस्टल दशलक्षात ५० भाग चुकत असेल, तर दिवसाला ४.३२ सेकंद होतात, आणि तीन महिन्यांत जवळजवळ सात मिनिटे.

क्रोनी नेहमीच्या मांडणीत प्रत्येक विचारणेसाठी यादृच्छिक पोर्ट घेते, म्हणून आमची अडचण राउटरला हात न लावता सुटली. आता फक्त फाइल सर्व्हर बाहेरून वेळ घेतो आणि बाकीची यंत्रे त्याला विचारतात. बाहेरचे स्रोत मी चार ठेवले आहेत. त्यांत भारतीय प्रमाणवेळ राखणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा सर्व्हरही आहे. दोनच स्रोत असले आणि त्यांचे पटले नाही, तर खोटे कोण हे ठरवता येत नाही.

पहिल्या दिवशी वर्कस्टेशनवर सर्व्हरच्या नावापुढे प्रश्नचिन्हच दिसत राहिले. क्रोनी आपण होऊन कोणालाही वेळ वाटत नाही. सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘अलाउ’ लिहून आपले नेटवर्क द्यावे लागते आणि फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ उघडावा लागतो. एका यंत्रात नेमका साडेपाच तासांचा फरक आला, तेव्हा मात्र शोधाशोध करावी लागली नाही : त्याचे हार्डवेअर घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेऐवजी स्थानिक वेळेवर ठेवलेले होते.

तक्रार एकच आहे, पण ती महत्त्वाची आहे. डेबियनच्या मूळ कॉन्फिगमध्ये ‘मेकस्टेप १ ३’ असते, म्हणजे घड्याळ एकदम उडी मारून जुळवण्याची मुभा सुरुवातीच्या तीन दुरुस्त्यांपुरतीच असते. नंतर मोठा फरक पडला, तर तो हळूहळू भरून काढला जातो. लिनक्सवर हा वेग दर सेकंदाला सेकंदाचा बारावा भाग असल्याने सात मिनिटे सुमारे ८४ मिनिटांत भरून निघतात. फ्रीबीएसडीवर मर्यादा दशलक्षात ५,००० भागांची असल्याने तेवढ्यालाच २३ तासांहून अधिक लागतात. चालू कामात उडी नसावी हे तत्त्व मला मान्य आहे, परंतु नवख्या माणसाला क्रोनी बंद पडले आहे असेच वाटेल. अशा वेळी काम थांबवून मी लगेच उडी मारायला लावणारी ‘क्रोनीसी मेकस्टेप’ ही आज्ञा हाताने देतो.

गेल्या आठ महिन्यांत वीज अनेकदा गेली, दोनदा इंटरनेट दिवसभर बंद होते, तरी वर्कस्टेशनांतील फरक एका मिलिसेकंदाच्या आत राहिला आहे. मेकफाइलच्या (मेकसाठीच्या सूचनांच्या फाइलच्या) आरंभी मी ‘क्रोनीसी वेटसिंक १ ०.१’ ही ओळ घातली आहे; दुरुस्ती ०.१ सेकंदापेक्षा मोठी असेल, तर काम तेथेच थांबते. तथापि स्रोतांशी संपर्क तुटला, तरी शेवटच्या मोजणीच्या बळावर ही ओळ पुढे जाऊ देते. म्हणून दर सोमवारी सकाळी एक छोटी स्क्रिप्ट दहाही यंत्रांचा रीच गोळा करून मला पाठवते. तेथे ३७७ आले, म्हणजे मागच्या आठही विचारणांना उत्तर मिळाले. हा आकडा अष्टमान पद्धतीतला असतो. ३७७ नसलेले यंत्र आधी पाहिल्याशिवाय मी त्या दिवशी कोणतीही फाइल मामांकडे पाठवत नाही.