खिशातली अमेरिकन राज्यघटना

जुलै २०१६ मध्ये फिलाडेल्फियातील डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात इराकमध्ये मारल्या गेलेल्या अमेरिकन सैनिकाचे वडील खिझर खान यांनी खिशातून राज्यघटनेची पुस्तिका काढून डोनाल्ड ट्रम्प यांना वाचायला देऊ केली, तेव्हापासून तशी प्रत हवी होती. नागरिकत्व मिळाल्यावर पहिल्या मतदानाआधी ती घेतली. टाइप इतका बारीक आहे की चाळिशी लागलेल्यांनी भिंग जवळ ठेवावे, आणि सूची नसल्याने २७ घटनादुरुस्त्यांतली हवी ती शोधताना पाने चाळावी लागतात. तरीही दुसऱ्या अनुच्छेदातली अध्यक्षाची शपथ वाचली आणि पैसे वसूल झाले. पद निष्ठेने सांभाळणे आणि राज्यघटनेचे जतन व रक्षण करणे, यापलीकडे तिच्या ३५ इंग्रजी शब्दांत काहीही नाही. प्रचारात गाजणारी महागाई नाही, देशाची सीमाही नाही. मग उमेदवाराची घटनानिष्ठा मतदाराने गौण का मानावी? अर्थात निष्ठेची ग्वाही सगळेच देतात (त्याला खर्च येत नाही), आणि १८६१ मध्ये ‘हेबियस कॉर्पस’ (अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क) स्थगित करणारे अध्यक्ष लिंकनही घटनेचे भक्तच होते. म्हणून मी उमेदवारांची भाषणे ऐकताना पुस्तिका उघडी ठेवते आणि न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर कोण काय बोलले, ते समासात पेन्सिलीने टिपते. समास मात्र आणखी रुंद हवा होता.