वरणातली गोळी की वॉर्डातले ३० दिवस

घरातलं माणूस आजारी आहे आणि "मला काही झालेलं नाही, गोळ्या तुम्हीच खा" असं ठामपणे सांगतं आहे. स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि खोटे संशय येणारा मानसिक आजार, असेल तर हा हट्ट नसतो. आपण आजारी आहोत ही जाणीवच बऱ्याचदा आजार पुसून टाकतो. मग घरच्यांपुढे दोन वाटा उरतात: जेवणातून गुपचूप औषध द्यायचं, नाहीतर मनाविरुद्ध भरती करायचं. पहिली मायेची वाटते, दुसरी निष्ठुर. धाकट्या भावाच्या आजारपणात आम्ही दोन्ही केल्या. आज माझं मत उलटं आहे.

आधी वरणातली गोळी. आईने आठ महिने ती कुटून घातली. गुण आला, हे नाकारणार नाही. तो रात्री झोपू लागला, भिंतीशी बोलणं कमी झालं. पण त्याच दिवसांत त्याचं अंग ताठरलं, हात थरथरू लागले. आपल्याला काहीतरी भयंकर झालंय असं वाटून तो घाबरायचा आणि आम्ही गप्प बसायचो. दुष्परिणाम ज्याला सांगता आला असता, त्यालाच औषध चालू असल्याचं ठाऊक नव्हतं. मात्रेचाही भरवसा नाही. अर्धं ताट टाकलं की अर्धी गोळी गेली. रिस्पेरिडोन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाचं पातळ रूप चहात किंवा कोलात मिसळू नये, असं त्याच्या माहितीपत्रकात असतं; आपल्याकडे मात्र हात आधी चहाच्या कपाकडेच जातो. क्लोझापिन हे त्याच आजारावरचं दुसरं औषध चालू असेल तर रक्तपेशी नियमित मोजाव्या लागतात. लिथियम या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाला रक्तातली पातळी, मूत्रपिंड, थायरॉइड हे सगळं तपासावं लागतं. "रक्त कशाला काढताय?" या प्रश्नाला किती वेळा खोटं बोलणार?

एके दिवशी वाटीच्या तळाशी त्याला पांढरी भुकटी दिसली. लोक आपल्या जेवणात काहीतरी घालतात, हाच त्याचा मूळ संशय होता. आम्ही तो खरा करून दाखवला. पुढे कितीतरी दिवस तो केळी आणि पुड्यातली बिस्किटं एवढ्यावरच राहिला. आईच्या हातचं पाणीसुद्धा घेईना.

भरतीचं चित्र वेगळं आहे. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात घरच्यांची सही पुरत नाही, आणि ते योग्यच आहे. कलम ८९ प्रमाणे रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे उपचारांच्या निर्णयात त्याच्या वतीने उभं राहणाऱ्या माणसाने, अर्ज करायचा. मग दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ हवाच. स्वतःला इजा करण्याचा धोका, दुसऱ्यावर हिंसा, किंवा स्वतःची काळजीच घेता येत नसल्याने अपाय होण्याचा धोका, यातलं काही असलं आणि याहून सौम्य उपाय उरला नसला तरच भरती. या कलमाखाली मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. रुग्णालयाने ७ दिवसांत पुनरावलोकन मंडळाला, म्हणजे अशा भरतींवर नजर ठेवणाऱ्या कायदेशीर मंडळाला, कळवायचं. रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत. रुग्णाला स्वतः निर्णय घेता येतो का, हे दर ७ दिवसांनी पाहायचं. भरतीविरुद्ध त्याला मंडळाकडे दादही मागता येते.

आमच्या वरणाला यातलं एकही बंधन नव्हतं. आठ महिन्यांत कुणीही विचारलं नाही की हे कधी थांबवणार.

भरतीची जखम मी लपवणार नाही. दोन माणसांनी त्याला धरून गाडीत बसवलं, मी मागून रिक्षाने गेले. ती दुपार आठवली की आजही तो बोलायचा थांबतो. पण वॉर्डात त्याला गोळीचं नाव माहीत होतं. अंग ताठरल्याचं त्याने स्वतः डॉक्टरांना सांगितलं आणि औषध बदललं गेलं. आमच्यावर तो चिडला, तोंडावर चिडला. त्या रागाशी बोलता तरी आलं.

म्हणून जिवाला धोका असेल तर भरती करा, ताटात हात घालू नका. तातडीच्या वेळी प्रतिनिधीच्या संमतीने कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो, हेही लक्षात असू द्या. जिथे मनोविकारतज्ज्ञच दूर आहे, तिथल्या आईला मी बोल लावणार नाही. तिने किमान डॉक्टरांना सांगून, कागदावर नोंद करून आणि रुग्णाला खरं कधी सांगायचं ती तारीख ठरवूनच जेवणातून औषध द्यावं.

आणि धोका नसेल, तो जेवतो, आंघोळ करतो, फक्त आवाज ऐकतो, तर? तेव्हा दोन्ही वाटा चुकीच्या. त्याला स्वतःला काय सलतंय तिथून सुरुवात करा. बहुतेकदा ते झोप न लागणं असतं, आणि त्या तक्रारीसाठी तो डॉक्टरांकडे यायला तयार होतो. रोजची गोळी नको असेल तर काही औषधांची दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनं मिळतात, अर्थात त्याच्या होकाराने. काय बोलावं हेच सुचत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.

बरं वाटत असताना आणखी एक काम उरकून घ्या. पुढे आजार बळावला तर काय करावं नि काय करू नये, हे रुग्णाला आगाऊ लिहून ठेवता येतं आणि आपला प्रतिनिधीही निवडता येतो. भावाने लिहिलं तेव्हा मी शेजारी बसले होते. जेवणात काही मिसळू नये. गरज पडली तर भरती करावी. गाडीत ताईने सोबत बसावं.