ईएसलिंटसाठी कॅरेट लावायचा की टिल्ड?

राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात नवीन पोरं आली की हा विषय निघतोच, आणि माझं मत पक्कं आहे, ईएसलिंटच्या (जावास्क्रिप्ट कोडमधल्या चुका दाखवणारं टूल, म्हणजे लिंटर) व्हर्जनआधी टिल्डच (~) लावा.

एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणारं टूल) इन्स्टॉल मारलं की पॅकेज फाईलमध्ये व्हर्जनआधी आपोआप कॅरेट (^) येतो, म्हणजे ^९.१.० लिहिलं तर ९.२, ९.५ काहीही चालतं, फक्त १० येणार नाही. बाकी लायब्रऱ्यांना हे ठीकाय ओ, पण लिंटरचं गणित वेगळं आहे. ईएसलिंटच्या पॉलिसीनुसार पॅच रिलीजमधल्या (व्हर्जनचा तिसरा आकडा वाढतो ती) बगफिक्सने एरर कमीच होतात, पण मायनरमध्ये (दुसरा आकडा वाढतो ती) असा बगफिक्स येऊ शकतो ज्याने एरर वाढतात. म्हणजे तुम्ही कोडला हातही लावला नाही तरी काल हिरवा (पास) असलेला बिल्ड आज लाल (फेल), आणि शुक्रवारी संध्याकाळी रिलीज असला की काय हाल होतात ते विचारू नका.

~९.१.० मध्ये फक्त ९.१ चे पॅच येतात, ईएसलिंटवालेही हेच सुचवतात. लॉक फाईल (नेमकी कुठली व्हर्जन बसवली ते नोंदवणारी) कमिट करून सीआयवर (कोड आपोआप तपासणारी यंत्रणा) एनपीएम सीआय ही लॉक फाईलप्रमाणेच बसवणारी कमांड चालवत असाल तर कॅरेटचाही त्रास होत नाही, पण लॉक फाईल नव्याने बनवली की परत तेच. टिल्डमध्ये नवीन रूल हवे असले तर मायनर हाताने वाढवावं लागतं, तेवढं करा की भावांनो, आलेले एरर त्याच पुल रिक्वेस्टमध्ये मिटवता येतात.