सेक्की डिस्क : चार वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

चार वर्षं झाली, तळ्याचं पाणी किती नितळ आहे हे मोजणारी ही चकती वापरतेय. दर पंधरा दिवसांनी होडीतून तळ्याच्या मधोमध जायचं, ठरलेल्या जागी दोरीने खाली सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीवरचा आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा, एवढंच काम. वीतभर रुंद चकती, 20 सेंटीमीटर, चार भाग केलेले आणि एकाआड एक काळा-पांढरा रंग, खाली वजन, वर दोरी. बॅटरी नाही, स्क्रीन नाही, कॅलिब्रेशन नाही. तरी तळ्यांवर काम करणाऱ्या कुठल्याही माणसाच्या सामानात ही सापडतेच, आणि मला विचाराल तर जगातल्या वैज्ञानिक उपकरणांमध्ये एवढं कमी मागून एवढं जास्त देणारं दुसरं उपकरण मी पाहिलेलं नाही. पण ती काय सांगत नाही हे माहीत नसेल तर मोठी फसगत होते, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी थोडा इतिहास, कारण मला तो फार आवडतो. आंजेलो सेक्की हे रोममधले जेसुइट पाद्री आणि खगोलशास्त्रज्ञ, ताऱ्यांच्या प्रकाशाचं वर्गीकरण करणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक. 1865 साली पोपच्या नौदलाचे कमांडर चाल्दी यांनी त्यांना समुद्राचं पाणी किती पारदर्शक आहे हे मोजायला बोलावलं आणि एप्रिलमध्ये पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात वेगवेगळ्या आकाराच्या, रंगाच्या चकत्या सोडून बघितल्या. सूर्य किती वर आहे, चकती उन्हात आहे की सावलीत, रंग कुठला, हे सगळं त्यांनी तेव्हाच तपासलं होतं. त्यांची मुख्य चकती पांढरी होती, समुद्रावर आजही बरेचदा पूर्ण पांढरी आणि थोडी मोठी वापरतात. काळे-पांढरे चार भाग 1899 मध्ये व्हिपल नावाच्या अमेरिकन इंजिनियरने केले आणि तळ्यांसाठी तोच प्रकार रूढ झाला. म्हणजे मी जे हातात धरते त्यात सव्वाशे वर्षांत काहीच बदललेलं नाही, आणि हाच तिचा सगळ्यात मोठा गुण आहे, कारण जुना आकडा आणि आजचा आकडा सरळ शेजारी ठेवता येतो. सेन्सर दर दहा वर्षांनी बदलतात, मग जुन्या-नव्याचा मेळ घालता घालता नाकी नऊ येतात.

आता वापरायचं कसं. होडीच्या सावलीकडच्या बाजूने, गॉगल काढून, साधारण सकाळी दहा ते दुपारी तीन-चारच्या मध्ये. हळूहळू सोडायची, पूर्ण दिसेनाशी झाली की पहिला आकडा, मग अजून थोडी खाली सोडून सावकाश वर ओढायची, पुन्हा दिसली की दुसरा आकडा, दोन्हींची सरासरी. वारा असला की चकती तिरपी जाते आणि दोरी जास्त सुटते, म्हणजे खोली खोटी वाढते, अशा दिवशी मी सरळ परत येते. चकती तळाला टेकली आणि तरी दिसतेय, तर तो पारदर्शकतेचा आकडा नाही, वहीत 'तळ दिसला' असंच लिहायचं. नवीन लोक इथे हमखास चुकतात आणि मग एका उथळ तळ्याचा आलेख वर्षानुवर्षं सरळ रेषेत दिसतो.

दोरीबद्दल मात्र तक्रार आहे. माझ्या पहिल्या डिस्कबरोबर जी दोरी आली ती ओली झाली की ताणली जायची, मार्कर पेनाच्या खुणा दोन महिन्यांत पुसट झाल्या, आणि सहा महिन्यांनी मी ती टेपपट्टीला लावून बघितली तेव्हा तीन मीटरला चांगला दहा-बारा सेंटीमीटरचा फरक निघाला. सहा महिन्यांचे आकडे मला खाली दुरुस्तीची टीप टाकून ठेवावे लागले आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. नंतर मी न ताणली जाणारी, आतून फायबरचे धागे असलेली मोजपट्टीच बांधली. घेणाऱ्यांनी चकतीपेक्षा दोरी नीट बघून घ्या, चकती कुठलीही चालते, लोक घरी प्लास्टिकच्या पत्र्यातून कापूनही बनवतात आणि रंग मॅट असेल तर ती उत्तम काम करते.

ती नेमकं काय मोजते? प्रकाश वरून खाली जातो, चकतीवर आपटतो, परत आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. वाटेत शेवाळाचे बारीक कण, गाळ, आणि कुजलेल्या पानांतून पाण्यात उतरलेला चहासारखा तपकिरी रंग, हे तिघं तो प्रकाश खातात किंवा विखुरतात. चकती आणि आजूबाजूचं पाणी यात फरक कळेनासा झाला की ती 'गेली'. ढोबळमानाने त्या खोलीच्या दोन ते तीन पट खोलीपर्यंत वनस्पतींना जगण्यापुरता उजेड पोचतो, म्हणजे एका दोरीच्या आकड्यावरून तळ्यात तळाशी झाडं उगवतील की नाही याचा अंदाज येतो. 1977 मध्ये कार्लसन नावाच्या तळ्यांच्या अभ्यासकांनी या आकड्यावरून तळं किती 'सुपीक' आहे, म्हणजे त्यात शेवाळ किती वाढतं, याची पट्टी बनवली, 64 मीटर म्हणजे शून्य आणि पारदर्शकता निम्मी झाली की दहा गुण वाढतात, त्यामुळे 4 मीटरला 40, 2 मीटरला 50, 1 मीटरला 60. फार सोयीची पट्टी आहे. याच कार्लसन यांनी 1994 मध्ये सामान्य लोकांना हातात चकती देऊन एकाच हंगामात आपापली तळी मोजायला लावण्याचा उपक्रम सुरू केला आणि तो पुढे देशोदेशी पसरला. प्राध्यापक नसलेल्या माणसाचा आकडा शास्त्रज्ञाच्या आकड्याइतकाच धरला जातो, असं किती उपकरणांबद्दल म्हणता येईल?

पण गाळ की शेवाळ की रंग, हे ती सांगत नाही. त्यासाठी पाण्याचा नमुना गाळून क्लोरोफिल, म्हणजे शेवाळातलं हिरवं द्रव्य, बघायलाच लागतं. अमेरिकेतल्या टाहो तळ्याचं उदाहरण घ्या, तिथे 1968 पासून सलग मोजतायत, पहिल्या वर्षीची सरासरी 31 मीटरच्या वर होती आणि 2017 मध्ये ती 18.2 मीटरवर आली. आता हा आकडा बघून कोणीही म्हणेल शेवाळ वाढलं, पण तपासल्यावर कळलं की मोठा वाटा रस्त्यांवरून आणि उतारांवरून वाहून येणाऱ्या अगदी बारीक मातीच्या कणांचा आहे, शेवाळाचा आहेच पण एकट्या शेवाळाचा नाही. उपाय त्यामुळे पूर्ण बदलतो. चकतीने इशारा दिला, निदान दुसऱ्यांनी केलं.

आणि आता ज्यासाठी खरं तर हा रिव्ह्यू लिहायला बसले ती गोष्ट. पाणी नितळ झालं म्हणजे तळं बरं झालं, हा समज. मलाही सुरुवातीला आकडा वाढला की आनंद व्हायचा, आता आधी 'का वाढला' असं विचारते, आणि याला कारण उत्तर अमेरिकेतली मोठी सरोवरं. तिथे 1988 मध्ये सेंट क्लेअर सरोवरात झेब्रा शिंपले सापडले, जहाजं तोल सांभाळायला पोटात भरून आणतात त्या बॅलास्ट पाण्यातून आलेले, मागोमाग क्वॅगा शिंपले आले. नखाएवढा एक शिंपला दिवसाला साधारण लिटरभर पाणी गाळू शकतो आणि तळाशी असे अब्जावधी बसलेत. मिशिगन सरोवराचं पाणी डोळ्यांदेखत नितळ झालं, चकती पूर्वीपेक्षा कितीतरी खोल दिसायला लागली. बघणाऱ्याला वाटेल केवढी सुधारणा! पण ते जे गाळलं गेलं ते सगळ्या सरोवराचं अन्न होतं. तळाशी राहणारा डायपोरिया नावाचा छोटा कोळंबीसारखा प्राणी, ज्यावर मासे जगायचे, तो जवळपास नाहीसा झाला, मासे रोडावले, आणि उजेड खोलवर गेल्यामुळे किनाऱ्याजवळच्या खडकांवर क्लॅडोफोरा शेवाळ माजलं, ते तुटून काठावर कुजायला लागलं. नितळ पाणी आणि उपाशी सरोवर. चकतीने खोटं काही सांगितलं नाही, प्रकाश खरंच खोल जातोय, पण तो आकडा सुधारणेच्या रकान्यात घातला तर चूक वाचणाऱ्याची.

याच्या बरोबर उलट मेंडोटा तळ्यात झालं, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसन शहराला लागून आहे ते. तिथे डॅफ्निया नावाची बारीक पाणपिसू शेवाळ चरायची आणि पाणी स्वच्छ ठेवायची. 2009 मध्ये तिथे काटेरी शेपटीची परकी पाणपिसू सापडली, तिने डॅफ्नियाच खाऊन टाकल्या आणि पाण्याची पारदर्शकता जवळजवळ एक मीटरने घटली. संशोधकांनी 2016 मध्ये हिशेब मांडला की गेलेली स्वच्छता परत आणायची तर तळ्यात येणारं, शेवाळाला खत ठरणारं फॉस्फरस 71 टक्के कमी करावं लागेल. एका मिलिमीटरमध्ये मोजायच्या प्राण्याची ही किंमत! आणि हा हिशेब मांडता आला कशामुळे, तर तिथे दशकानुदशकं कोणीतरी होडीतून जाऊन आकडे लिहीत होतं म्हणून. 'आधी' काय होतं हे माहीत नसेल तर आक्रमणाने काय नेलं ते सांगणार कसं.

मोजायची जागा हीसुद्धा तेवढीच महत्त्वाची. अमेरिकेतलं क्रेटर लेक, साधारण 7,700 वर्षांपूर्वी मझामा ज्वालामुखी फुटून डोंगराचा माथा आत कोसळला आणि त्या खड्ड्यात पावसाचं, बर्फाचं पाणी साठून झालेलं 594 मीटर खोल तळं. एकही नदी आत येत नाही, त्यामुळे पाणी इतकं निळं आणि नितळ की चकती 30 मीटरच्या आसपास दिसत राहते. मधोमध मोजलं तर सगळं छान. पण 1915 मध्ये माशांना खाद्य म्हणून सोडलेले सिग्नल क्रेफिश (गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे प्राणी) आज किनाऱ्याच्या बहुतेक भागात पसरलेत आणि फक्त तिथेच राहणारा मझामा न्यूट हा सरड्यासारखा दिसणारा उभयचर त्यांच्यामुळे हटत चाललाय, शेवाळ चरणारे बारीक प्राणीही क्रेफिश असलेल्या ठिकाणी खूप कमी सापडतात. हे सगळं काठाला घडतंय आणि मधल्या चकतीला त्याचा पत्ता नाही. हे वाचल्यापासून मी माझ्या मधल्या जागेशिवाय काठाजवळच्या दोन जागांवर दगड उलटून बघायला लागले, वहीत त्याचा वेगळा रकाना केलाय.

ज्वालामुखीच्या तळ्यांबद्दल अजून एक. कॅमेरूनमधल्या न्योस तळ्यातून 21 ऑगस्ट 1986 च्या रात्री तळाशी विरघळून साठलेला कार्बन डायऑक्साइड एकदम वर आला आणि दरीत पसरून सुमारे 1,700 माणसं झोपेत गेली. वरचं पाणी तोपर्यंत शांत आणि निळं होतं, नंतर खालचं लोहयुक्त पाणी वर येऊन तांबडं झालं. दोनशे मीटर खाली काय साठतंय हे वरच्या उजेडाला कळत नाही, त्यासाठी खोलवरचे नमुने आणि वायूचं मोजमाप लागतं, आणि तेच करून पुढे 2001 पासून तिथे पाइप टाकून वायू हळूहळू बाहेर काढायला सुरुवात झाली. म्हणून असं तळं असेल तर चकती हे सुरक्षिततेचं साधन अजिबात समजू नका.

एवढं सगळं लिहूनही मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा दोरीसाठी कापला. रशियातल्या बैकाल सरोवराची गोष्ट आठवली की पूर्ण पाच द्यावेसे वाटतात. तिथे 1945 मध्ये मिखाईल कोझोव यांनी दर आठवडा-दहा दिवसांनी मोजायला सुरुवात केली, मग त्यांची मुलगी ओल्गा, मग नात ल्युबोव, तीन पिढ्या, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून. त्या नोंदींमध्ये तापमान, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) आणि ही चकतीसुद्धा आहे, आणि साठ वर्षांचे आकडे 2008 मध्ये छापून आले तेव्हा एवढं प्रचंड, थंड सरोवरसुद्धा तापतंय हे स्पष्ट दिसलं.

शेवटी एक काम, जे कुठल्याच माहितीपत्रकात मला मिळालं नव्हतं. तुम्ही एकापेक्षा जास्त तळ्यांवर जात असाल तर दोरी हीच परक्या जातींची गाडी होऊ शकते. शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि ती काटेरी पाणपिसू तर दोरीला कापसाच्या बोळ्यासारखी गुंडाळून येते. चकती, दोरी, वजन, होडीच्या तळातलं पाणी, सगळं तिथेच काठावर निथळवायचं, गरम पाण्याने धुवायचं, आणि निदान पाच दिवस कडकडीत वाळवायचं. मला एवढा वेळ मिळत नाही म्हणून मी सरळ दोन दोऱ्या केल्यात, लाल गाठीची एका तळ्याची, निळ्या गाठीची दुसऱ्याची, आणि त्यांची अदलाबदल करत नाही.