सुटं म्हशीचं लोणी: व्हॅनिला केकला उत्तम, क्रीमला जपून

बेळगाव-खानापूरकडच्या बाजारात मिळणारं सुटं लोणी व्हॅनिला केकला फार छान. लहानपणीच्या घरगुती केकची ती दुधाळ चव खारवलेल्या बटरला येत नाही. मात्र त्यात ताक आणि पाणी बरंच राहिलेलं असतं. म्हणून बर्फाच्या पाण्यात, पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि मलमलीच्या फडक्यात दाबून पिळा.

सात इंची डब्याला १२० ग्रॅम लोणी, १५० ग्रॅम पिठीसाखर, २ अंडी, १५० ग्रॅम मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर, ८० मिली दूध, चमचाभर व्हॅनिला. फ्रिजमधली गार अंडी घातली की मिश्रण फाटतं. मैदा पडल्यावर फेटू नका, हलकेच कालवा, नाहीतर केक चिवट होतो. १७० अंशांवर साधारण ३५ मिनिटं.

खरी परीक्षा क्रीमची. १०० ग्रॅम लोण्याला २०० ग्रॅम आयसिंग शुगर. लोण्यात पाणी राहिलं तर साखर विरघळून क्रीम ढिलं पडतं, कडेने पाणी सुटतं. आंबूस वासाचं लोणी इथे अजिबात नको, इसेन्सने तो वास झाकत नाही. त्याचं सरळ तूप कढवा. एप्रिल-मेमध्ये क्रीम पातळ झालंच, तर भांडं दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटा.