सात इंची गोल दिवा: काचेचा एच-फोर ठेवावा की एलईडी बसवावा?

सातारा-सांगली पट्ट्यात जुनी जीप, जिप्सी, पहिली थार नाहीतर बुलेट सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. गाडी वायरिंगवाल्याकडे नेली की तो पुढच्या काचेवर बोट वाजवतो आणि म्हणतो, "हे काढून एलईडी टाका, साहेब." सल्ला अगदीच चुकीचा नाही. पण कुणाला, कुठल्या रस्त्यासाठी, हे तो विचारत नाही. माझ्या जीपला काचेचाच दिवा आहे, हे आधी सांगून ठेवतो. पुढचं वाचताना तेवढं वजा करता येईल.

तिसरा एक पर्याय बाजारात जोरात खपतो: काचेचा दिवा तसाच ठेवून आत एच-फोरच्या, म्हणजे दोन तारांच्या हॅलोजन बल्बच्या, जागी एलईडी बल्ब. तो विचारातच घेऊ नका. रिफ्लेक्टरचा आकार एच-फोरच्या दोन बारीक तारा नेमक्या कुठे आहेत, हे धरून काढलेला असतो. डीपरच्या (खालच्या झोताच्या) तारेखाली धातूची छोटी वाटी असते, ती खालच्या बाजूचा उजेड अडवते आणि म्हणूनच समोरच्याचे डोळे वाचतात. एलईडी बल्बमध्ये चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना चिप चिकटवलेल्या असतात. जागा एखाद्या मिलिमीटरने हलली तरी उजेड विस्कटतो. गाडीपुढच्या जमिनीवर लखलखाट, लांब अंधार, आणि समोरून येणारा शिव्या देतोय.

आता खरे दोन पर्याय. त्याआधी हा 7 इंची गोल दिवा आला कुठून ते थोडक्यात, कारण निवडीचं अर्धं उत्तर त्यात आहे. अमेरिकेत 1940 पासून काच, रिफ्लेक्टर आणि तार एकत्र बंद केलेला ठरावीक मापाचा दिवाच गाडीला लावायचा, असा दंडक आला. तो 1983 पर्यंत टिकला. गाडी कुठलीही असो, दिव्याचं माप कंपनीच्या हातात नव्हतं. स्पोर्ट्स कारवाल्यांची त्यात पंचाईत झाली. नाक जमिनीलगत हवं, दिवा तर मोठा, आणि नियम म्हणतो की दिवा अमुक उंचीच्या खाली चालणार नाही. युरोपच्या नियमात आजही डीपर जमिनीपासून किमान 500 मिलिमीटरवर लागतो. मग दिवसा दिवा बॉनेटमध्ये लपवायचा आणि रात्री वर काढायचा, ही युक्ती या गाड्यांत रुजली. युक्ती तशी आधीची: 1936 च्या कॉर्ड 810 मध्ये डॅशबोर्डवरचे हँडल हाताने फिरवून दिवे बाहेर काढावे लागत. 1962 च्या लोटस एलानमध्ये ते काम इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालायचं, पुढे इलेक्ट्रिक मोटर आल्या. माझदा एमएक्स-5 च्या पहिल्या पिढीत, म्हणजे 1989 ते 1997 च्या गाडीत, त्या झाकणाखाली गोल 7 इंची दिवाच होता. मापाने तोच, जो आपल्या जीपला आहे.

हे वर निघणारे, म्हणजे पॉप-अप दिवे कुणी एका कायद्याने बंद केले, अशी समजूत आहे. तसं नाही, ते चहूबाजूंनी कोंडीत सापडले. पॉलीकार्बोनेटची काच आणि बदलता येणारा बल्ब आल्यावर दिवा हव्या त्या आकारात ओतता येऊ लागला. मग झाकण, मोटर, लिंक आणि रिले यांचं वजन नाकावर बाळगायचं कशाला? दिवे वर आले की हवेला अडथळा. बर्फात झाकण गोठतं. कॉर्व्हेट सी-5 मध्ये मोटरचा प्लॅस्टिकचा गिअर झिजतो आणि मोटर नुसती घरघरत राहते. एमएक्स-5 मध्ये तर मोटर बंद पडल्यावर दिवा वर काढायला बॉनेटखाली हाताने फिरवायची गुंडीच दिलेली आहे. त्यात युरोपात पादचाऱ्याला कमी इजा व्हावी म्हणून गाडीच्या पुढच्या भागाचे कडक नियम 2003 मध्ये ठरले, आणि वर आलेला टोकदार डबा त्यात बसवणं जिकिरीचं झालं. एमएक्स-5 ची दुसरी पिढी उघड्या दिव्यांची निघाली. शेवटपर्यंत टिकलेल्या दोघी, लोटस एस्प्रिट आणि कॉर्व्हेट सी-5, 2004 मध्ये थांबल्या.

यातलं आपल्या कामाचं एवढंच: छोट्या दिव्याचा फायदा त्या गाड्यांना झाला, कारण दिवा लहान झाल्यावर अख्खं नाक नव्याने आखता आलं. जीपचं भोक मात्र 7 इंचाचंच राहणार. एलईडी बनवणारा त्या भोकात लहान दिवा बसवतो, उरलेली जागा काळ्या प्लॅस्टिकने आणि चमकत्या रिंगने भरतो आणि उष्णता बाहेर टाकायला मागे अ‍ॅल्युमिनियमचे उभे कंगोरे काढतो. ते कंगोरे बऱ्याचदा जीपच्या दिव्यामागच्या पत्र्याच्या वाटीला टेकतात आणि पत्रा कापावा लागतो. म्हणजे लहानपणाचा फायदा शून्य आणि अडचणी तेवढ्या आपल्या पदरात.

"पण काचेच्या दिव्याचा उजेडच पडत नाही" ही तक्रार खरी आहे. दोष मात्र बहुतेक वेळा दिव्याचा नसून वायरचा असतो. जुन्या जीपमध्ये दिव्याचा सगळा करंट बारीक वायरने डॅशबोर्डच्या स्विचमधून आणि डीपरच्या स्विचमधून फिरून येतो. बॅटरीवर 13.5 व्होल्ट आणि होल्डरवर कसेबसे 12, हे चित्र नेहमीचं. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4 घाताने बदलतो, त्यामुळे या दीड व्होल्टात सुमारे एक तृतीयांश उजेड जातो. तपासणं सोपं आहे. इंजिन चालू, दिवे चालू. मल्टिमीटरची लाल तार बॅटरीच्या प्लसवर आणि काळी होल्डरच्या मागे जिवंत टर्मिनलला लावा. अर्धा व्होल्टच्या वर आकडा आला तर तेवढा वाटेत सांडतोय. मग अर्थिंगच्या बाजूनेही तसंच मोजा. अर्थिंग तपासायचं लोक विसरतात आणि जीपमध्ये गंजलेला अर्थ हाच निम्मा आजार असतो.

उपाय रिलेचा, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा. अप्परला (लांबच्या झोताला) एक, डीपरला एक, असे 30 किंवा 40 अँपिअरचे दोन रिले घ्या. बॅटरीच्या प्लसवरून 2.5 चौरस मिलिमीटरची वायर काढा, बॅटरीपासून वीतभर अंतरात 20 अँपिअरचा फ्यूज टाका आणि ती दोन्ही रिलेंच्या 30 नंबरच्या पिनला द्या. 87 वरून बल्बला. दिव्याची जुनी वायर 86 ला, म्हणजे ती आता फक्त रिले ओढेल, आणि 85 अर्थला. बल्बची अर्थ वायरही 2.5 चीच घ्या आणि रंग खरवडून थेट चेसिसला बोल्टने आवळा. होल्डर सिरॅमिकचे घ्या. एक सावधगिरी: काही जपानी पद्धतीच्या वायरिंगमध्ये दिव्याला प्लस कायम आलेला असतो आणि स्विच निगेटिव्ह बाजूला असतो. तिथे वरची जोडणी जशीच्या तशी चालत नाही, आधी टेस्ट लॅम्पने बघा.

बल्ब 60/55 वॅटचाच ठेवा. 100/90 चा मोह टाळा. त्याला रस्त्यावर मान्यता नाही, रिफ्लेक्टरचा मुलामा जळतो, होल्डर वितळतो आणि समोरच्यावर पडणारा झोत तेवढाच वाढतो. रिले बसवल्यावर बल्ब पूर्वीपेक्षा लवकर जातो, हे मात्र मान्य करायला हवं. पूर्ण व्होल्टेजवर तार तापते, आयुष्य घटतं. शे-दोनशे रुपयांच्या वस्तूबद्दल कुरकुर करण्यासारखं काही नाही.

आता एलईडीच्या बाजूने, आणि मनापासून. चांगल्या कंपनीची जोडी असेल तर अप्परला तिचा पल्ला एच-फोरच्या पुढे जातो, याबद्दल वाद नाही. सांगलीहून जतकडे सरळ, मोकळ्या रस्त्याने रात्री जाणं ज्याचं रोजचं आहे, किंवा कारखान्यांच्या हंगामात इस्लामपूर-कराड भागात ज्याची ये-जा आहे, त्याला हा पल्ला उपयोगी पडतो. दोन ट्रॉल्या ओढणारा, मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, असा उसाचा ट्रॅक्टर जितका आधी दिसेल तितकं बरं. करंटही निम्म्याच्या आसपास लागतो, त्यामुळे जुन्या अल्टरनेटरला आराम. बुलेटला तर हा मुद्दा जास्तच लागू. एवढ्यावर थांबायचं असतं तर मीही एलईडीच सांगितला असता.

गाडं अडतं ते घाटात, आणि अडवते ती एकच गोष्ट: डीपरची वरची कड. चांगल्या एलईडीची कड सुरीने कापल्यासारखी असते. खाली दुधासारखा उजेड, वर गच्च काळोख. जाहिरातीत भिंतीवर तीच कड कौतुकाने दाखवतात. सपाट रस्त्यावर ती गुणच आहे. आता यवतेश्वरचा घाट किंवा वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट घ्या. दिवा जमिनीपासून 90 सेंटिमीटरवर आहे आणि नियमाप्रमाणे झोत 1 टक्का खाली लावलाय, तर सपाटीवर कड 90 मीटरवर टेकते. पण गाडी वळणाच्या सपाट भागात असताना पुढचा रस्ता 8 टक्के चढत असेल, तर तीच कड अवघ्या 10 मीटरवर रस्त्याला भिडते. त्यापलीकडे काहीच नाही. रस्ता वर गेलाय, उजेड खाली राहिलाय. कठडा, वरून येणाऱ्या गाडीची चाकं, रस्त्यावर बसलेली म्हैस, सगळं त्या काळ्या पट्ट्यात.

एच-फोरचा डीपरही तिथेच कापला जातो, पण त्याची कड धूसर असते. वर थोडा सांडलेला उजेड असतो आणि तेवढ्यात वळणाचा दगड, झाडाची फांदी, माणसाचं धोतर दिसून जातं. मोजायला गेलं तर तो उजेड नगण्य भरेल. डोळ्याला मात्र तो पुरतो, कारण शेजारी डोळे दिपवणारा पांढरा पट्टा नसतो आणि बुबुळं अंधाराला सरावलेली राहतात.

दुसरं, जीपला पाट्यांचे स्प्रिंग आहेत. खड्ड्यावर नाक एक अंश उचललं तरी 25 मीटरवर कड जवळपास 44 सेंटिमीटर वर उडते. धारदार कड असली की ती समोरच्याच्या डोळ्यांवर फ्लॅशसारखी आपटते. त्याला वाटतं तुम्ही अप्पर मारताय, मग तोही अप्पर मारतो, आणि केळघरच्या वळणात दोघंही आंधळे. मागे खताची पोती टाकली की नाक कायमचंच वर. धूसर कडेला हे सगळं पचतं. नव्या गाड्यांत दिव्याची पातळी सीटवरून बदलता येते, जीपमध्ये ती सोय नाही.

धुक्याचं उगाच भांडवल करतात. पिवळा उजेड धुकं "फाडतो" हे खरं नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते सगळे रंग सारखेच उधळतात. निळसर पांढरा डोळ्याला जास्त खुपतो इतकंच. महाबळेश्वरच्या पावसाळी धुक्यात दोन्ही दिवे हरतात. तिथे बंपरखाली लावलेले फॉग लॅम्प आणि कमी वेग हाच इलाज.

पावसाळ्यात मात्र आणखी एक फरक जाणवतो. हॅलोजन काच तापवतो, त्यामुळे आतला दव दहा-पंधरा मिनिटांत उडतो. एलईडीची पुढची काच थंडच राहते, आत शिरलेला ओलावा तिथेच बसतो. सील गेलं की अख्खा दिवा बदला. शिवाय ती काच म्हणजे पॉलीकार्बोनेट, धूळ असताना कोरड्या फडक्याने पुसली की ओरखडे पडलेच.

तरी एलईडीच घ्यायचा असेल, आणि रोजचा रस्ता सपाट असेल तर खुशाल घ्या, तर दोन गोष्टी दुकानातच बघा. काचेवर वर्तुळातला ई (युरोपीय मान्यतेची खूण) आणि त्यासोबत बाण शोधा. दिव्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर बाण तुमच्या उजवीकडे असेल तर तो डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा, म्हणजे आपला. बाण नसेल तर दिवा उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीचा असू शकतो. त्याच्या डीपरची कड उजवीकडे वर चढते, म्हणजे नेमकी समोरच्याच्या डोळ्यात. हा दोष फोकस सेट करून जात नाही. दुसरं, दिवा चालू करून एफएम लावून बघा. एलईडीला वीज पुरवणारं आतलं सर्किट (ड्रायव्हर) स्वस्तातलं असेल तर रेडिओ खरखरतो.

फोकस दोन्हीचा सारखाच लावायचा. टायरमध्ये हवा नेमकी, गाडीत नेहमीचं वजन, भिंतीपासून 10 मीटर. दिव्याच्या मध्याच्या उंचीवर खडूची रेघ ओढा आणि डीपरची कड त्या रेघेच्या 10 सेंटिमीटर खाली आणा. रिंगच्या आतला एक स्क्रू वर-खाली करतो, बाजूचा डावी-उजवीकडे. चढणारी कड डावीकडेच हवी.

आणि काढलेले काचेचे दिवे वायरिंगवाल्याकडे सोडून येऊ नका. रिंग, रबर आणि होल्डरसकट कापडात गुंडाळून घरी ठेवा. जुनी जाड काच आणि मुलामा न उडालेला रिफ्लेक्टर आता सहज मिळत नाही.